पंपवाला, जे.जे. आणि चौथी पोझिशन

'काय रे, दोन दिवस झाले, तुझं ट्रॉमबोंब ऐकू आलं नाही?' समोरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं. काळजीने विचारलं की सुटल्याच्या आनंदात, ते काही मला कळलं नाही. ट्रॉमबोंब हा शब्द काकूंचाच, वाद्याचं खरं नाव ट्रॉम्बोन. मी आधी हसण्यावारी नेला, पण नंतर लक्षात आलं की बाईंनी एका शब्दात माझ्या दीड वर्षाच्या रियाजाचं परीक्षण लिहून टाकलंय.

दोन दिवस वाजवलं नाही कारण एक अल्बम लूपवर लावून बसलो होतो. स्टीव्ह टर्रे या जॅझ ट्रॉम्बोनवाल्याचा 'वन फॉर जे', २००३ सालचा, टेलार्क लेबलवर आलेला. जे म्हणजे जे.जे. जॉन्सन, जॅझमधला त्याच्या आधीचा मोठा ट्रॉम्बोनवाला. २००१ च्या फेब्रुवारीत जे.जे. गेला आणि दोन वर्षांनी टर्रेने आपल्यासारखेच ट्रॉम्बोनवाले गोळा करून त्याच्या नावाने हा अल्बम काढला. रॉबिन युबँक्स, स्टीव्ह डेव्हिस, आंद्रे हेवर्ड, आणि न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकचा मुख्य ट्रॉम्बोनवादक जो अलेसी, म्हणजे तो तर जॅझचा माणूसच नाही, शुद्ध शास्त्रीयवाला. एकाच वाद्याची इतकी माणसं एका अल्बमवर म्हटल्यावर आपल्याला आधी धडकीच भरते ना. पाच सनईवाले एकदम वाजवायला बसलेत अशी कल्पना करून बघा. पण ट्रॉम्बोनचं तसं नाही, हे वाद्य माणसाच्या आवाजाच्या इतकं जवळ आहे की चार-पाच एकत्र आले की कोरस गातोय असं वाटतं, भरदार गळ्याचे बाप्ये हळू आवाजात गातायत असं.

आता हे जे.जे. प्रकरण काय आहे ते सांगायचं तर मला आधी पंपवाल्याकडे जावं लागेल.

आमच्या गावात लग्नाच्या वरातीला जो बँड यायचा त्यात एक ट्रॉम्बोन होता. आम्ही पोरं त्याला ट्रॉम्बोन म्हणत नव्हतो, पंप म्हणायचो, कारण तो माणूस सायकलच्या पंपासारखी नळी पुढे-मागे करायचा. पंपवाला कायम बँडच्या पहिल्या रांगेत असायचा. मला वाटायचं हा सगळ्यात सिनियर असणार. एकदा धीर करून बँडमास्तरांना विचारलं, मास्तर, हे काका नेहमी पुढे का असतात, तर मास्तर म्हणाले, 'मागं ठेवला तर पुढच्याच्या पाठीत नळी घालतोय त्यो.' बस, एवढंच कारण. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की न्यू ऑर्लिन्समधे जॅझ सुरू झालं त्या काळात बँड घोडागाडीत बसून गावभर फिरायचे आणि ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या पार मागच्या फळीवर बसवायचे, म्हणजे त्याची नळी बाहेर, रस्त्यावर हलत राहील आणि कोणाला लागणार नाही. त्या वादनशैलीचं नावच 'टेलगेट' पडलं. किड ओरी हा त्यातला मोठा उस्ताद. मला ते वाचून इतका आनंद झाला की बँडमास्तरांना फोन करावासा वाटला, पण ते कधीच गेले होते.

तर पंप. ही साधारण नऊ फूट लांबीची, दुमडलेली पितळी नळी असते, आणि तिचा एक भाग बाहेर सरकतो. बटणं-बिटणं काही नाहीत. नळी पूर्ण आत असली की ती पहिली पोझिशन, तिथून अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत उतरत सातव्या पोझिशनपर्यंत जायचं, तिथे हात जवळजवळ दोन फूट लांब गेलेला असतो आणि माझ्यासारख्या आखूड हाताच्या माणसाला खांदा निखळल्यासारखा वाटतो. पोझिशनच्या खुणा नळीवर नसतात. कुठे थांबायचं ते कानानेच. नळी पूर्ण आत ठेवून नुसते ओठ आवळत गेलं तर एका मागोमाग एक सूर मिळतात: काळी पाचचा सा, मग प, मग वरचा सा, मग ग, मग वरचा प. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण हे तर तानपुऱ्यातून ऐकू येणारे सूर! आपल्याकडे जो गंधार तानपुऱ्यातून आपोआप निघतो म्हणून लोक डोळे मिटून बसतात, तो इथे पितळेच्या नळीत बसलेला असतो.

आणि मग मींड. ट्रॉम्बोन हे मींडीचंच वाद्य आहे हो. सारंगी सोडली, बिनपडद्याची व्हायोलिनसारखी वाद्यं सोडली, तर इतक्या सहज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणं कोणाला जमतं? हार्मोनियमवाल्यांनी जन्मभर ज्याच्यासाठी टोमणे खाल्ले ते या वाद्याला फुकटात मिळालंय. म्हणूनच तर कार्टूनमधे कोणी आपटलं की वॉ-वॉ-वॉ-वॉऽऽ वाजतं ते ट्रॉम्बोनचं असतं, सर्कशीत विदूषक पडला की ट्रॉम्बोन. घसरणं हा त्याचा स्वभाव आणि घसरणारी गोष्ट लोकांना हसू आणते. आपल्या हिंदी सिनेमातही हे वाद्य होतं, आर.डी. बर्मनच्या वादकांमधे ब्लास्को मोन्सोराते ट्रॉम्बोन वाजवायचे, गोव्याकडच्या त्या अख्ख्या घराण्यात पितळी वाद्यंच. पण आपण गाणी ऐकताना 'ब्रास' म्हणून सगळं एका पोत्यात भरतो, त्यात ट्रॉम्बोन कुठला हे कोण शोधत बसतंय.

मी स्वतः ट्रॉम्बोन घेतला तो मुंबईत, जुन्या वाद्यांच्या एका दुकानातून. घरी आणून बघतो तर नळी चौथ्या पोझिशनच्या आसपास अडकतेय. बारीकसा पोचा होता, नखाएवढा, बाहेरून नीट बघितलं तरच दिसणारा. फोन केला तर दुकानदार म्हणाला तेल घाला साहेब, सुटेल. सुटली नाही. तेल घातलं, क्रीम लावलं, पाणी मारलं, आणि जमिनीवर कायम एक ओलं डबकं, कारण नळीत वाफेचं पाणी साठतं ते खालची चावी दाबून सोडावं लागतं. बायकोने त्या जागी जुनं पायपुसणं टाकलं आणि विषय संपवला. चौथ्या पोझिशनला अडकणारी नळी मात्र तशीच राहिली, तिच्याकडे परत येतो.

जे.जे. मला पहिल्यांदा अजिबात आवडला नव्हता. हे कबूल करायला लाज वाटते पण करतो. यूट्यूबवर ट्रॉम्बोन शिकणाऱ्या कुठल्याही माणसाच्या खाली कोणीतरी लिहितंच की जे.जे. ऐका, म्हणून ऐकला, आणि वाटलं हा ट्रॉम्बोनच नाहीये. सगळे सूर कसे सुटे-सुटे, कापून ठेवल्यासारखे. घसरणं नाही, लाडात येणं नाही, गुरगुरणं नाही. माझा एक मित्र ख्याल गातो, त्याला ऐकवला तर दोन मिनिटांनी म्हणाला, छान आहे रे, पण मींड कुठंय? मला अगदी मनातलं बोलल्यासारखं झालं. ज्या वाद्याला देवाने मींड दिली त्या वाद्यावर बसून हा माणूस मींड लपवतोय, म्हणजे काय?

आणि हे आमचंच मत नव्हतं, म्हणजे वेगळ्या कारणाने, पण त्या काळातल्या ऐकणाऱ्यांनाही हाच संशय होता. लोकांना वाटायचं हा सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन असूच शकत नाही, हा नक्की बटणांचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन वाजवतोय. इतकं स्वच्छ, इतकं जलद हाताने नळी सरकवून शक्यच नाही म्हणे.

थोडं मागे जाऊ. जेम्स लुई जॉन्सन, जन्म २२ जानेवारी १९२४, इंडियानापोलिस. शाळा क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल, काळ्या मुलांसाठीची वेगळी शाळा, आणि या शाळेतून, या गावातून किती वादक निघाले बघितलं तर चक्रावायला होतं. ट्रॉम्बोनवालेच घ्या, डेव्हिड बेकर तिथलाच, स्लाइड हॅम्प्टन त्याच गावात वाढला. वयाच्या अठराव्या वर्षी जे.जे. बेनी कार्टरच्या बँडमधे, मग काउंट बेसीकडे. आणि नेमकं तेव्हाच न्यूयॉर्कमधे सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी यांनी नव्या जॅझचा, बीबॉप नावाचा वणवा लावला. वेग असा की अंगावर येतो. सॅक्सोफोनवाल्याला बोटं आहेत, ट्रम्पेटवाल्याला तीन बटणं आहेत, पियानोवाल्याला तर काय, दहा बोटं. ट्रॉम्बोनवाल्याकडे काय? एक हात आणि दोन फूट नळी. सूर बदलायला हात हलवायचा तर गाणं पुढे निघून जाणार. गाडीच्या मागच्या फळीवर मजेत बसलेल्या माणसाला सांगितलं की आता धावत्या लोकलमधे चढ.

जे.जे. चढला. कसा, ते मला दीड वर्ष घासल्यावर थोडंसं, अगदी थोडंसं कळलंय. एक म्हणजे जीभ. प्रत्येक सुराला जिभेने असा हलका टोला द्यायचा की मधलं घसरणं कानाला ऐकूच येणार नाही, नळी हलतेय पण हवा तेवढ्यापुरती थांबलीये. आणि दुसरं, जे जास्त गंमतशीर आहे, एकच सूर नळीवर एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडतो. जो गंधार पहिल्या पोझिशनला आहे तो चौथ्यालाही आहे. मग पुढचा सूर कुठला आहे बघून त्यातली जवळची जागा निवडायची. आपल्याकडे तबलजी बोल तोच ठेवून निकास, म्हणजे तो हाताने काढायची पद्धत, बदलतात ना, लय चढली की, जवळपास तसंच. हात जेवढा कमी हलेल तेवढं बरं. जे.जे.चे जुने व्हिडिओ बघा, हात जेमतेम हलतो, मनगट थोडं इकडे-तिकडे, चेहरा बँकेत पासबुक भरायला आल्यासारखा. हे सगळं त्याने हवेतून काढलं नव्हतं, फ्रेड बेकेट नावाच्या, लवकर गेलेल्या एका वादकाचं नाव तो स्वतः घ्यायचा, सुरांची अशी सुटी ओळ ट्रॉम्बोनवर आधी त्याच्याकडे ऐकली म्हणून. आज बेकेटचं नाव किती जणांना ठाऊक आहे? जे.जे.ने सांगितलं म्हणून तेवढं तरी.

१९४७ च्या डिसेंबरमधे त्याने चार्ली पार्करबरोबर रेकॉर्डिंग केलं. मग ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'बर्थ ऑफ द कूल' अल्बमच्या सेशन्समधेही होता. म्हणजे सगळं हाताशी आलेलं. आणि मग काय केलं या माणसाने? १९५२ मधे नोकरी धरली. स्पेरी कंपनीत ब्लूप्रिंट तपासायची, इन्स्पेक्टर. दोन वर्षं! संगीतात पोट भरेना म्हणून. बीबॉपमधला सगळ्यात मोठा ट्रॉम्बोनवाला सकाळी डबा घेऊन कारखान्यात जातोय, नकाशातली मापं जुळतात का बघतोय. मी इथे थांबून खूप वेळ विचार करत बसलो होतो, कारण मीही दिवसभर दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधायचंच काम करतो आणि मला माहितीये की त्या कामाने डोळ्याला काय सवय लागते. एक मिलिमीटर इकडचा तिकडे खपत नाही. अर्थात त्याचे सूर नोकरीमुळे स्वच्छ झाले असं म्हणणं बावळटपणाचं होईल, ते आधीपासूनच तसे होते. पण त्या नोकरीच्याच काळात, १९५३ मधे, ब्लू नोट लेबलसाठी त्याने ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राउनला बरोबर घेऊन जे रेकॉर्डिंग केलं ते ऐकताना मला कायम तो कारखाना आठवतो. सुट्टी काढून आला असेल का?

मग १९५४ मधे काई विंडिंगबरोबर जोडी जमली. हा डेन्मार्कमधे जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला ट्रॉम्बोनवाला. दोन ट्रॉम्बोन समोर आणि मागे पियानो, बास, ड्रम्स. लोकांना वाटलं ही काय सर्कस, पण ती चालली, चांगली दोन वर्षं जोरात चालली, आणि १९५६ मधे तर दोघांनी आणखी सहा जणांना घेऊन आठ ट्रॉम्बोनचा अल्बमच केला. टर्रेच्या ट्रिब्यूटमागे ट्रॉम्बोनची फौज का, याचं उत्तर इथे आहे. या जोडीच्या काळातलीच त्याची 'लमेंट' नावाची रचना, जी पुढे १९५७ मधे माइल्स डेव्हिसने गिल इव्हान्सच्या संयोजनात वाजवली आणि मग सगळ्यांनीच. लमेंट म्हणजे शोक, विलाप. पण ऐकलीत तर त्यात छाती पिटणं कुठेच नाही. दुःखाचं बोलणं चाललंय आणि बोलणारा शर्टाचं वरचं बटणही उघडत नाहीये. ही ऐकल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की मींड नाही हा दोष मी कुठून काढला होता. मींड असते, ती त्याच्या डोक्यात असते, तुम्हाला फक्त ती जिथून सुटली आणि जिथे पोचली ती दोन टोकं ऐकू येतात. आणि चुकून, कुठेतरी ओळीच्या शेवटी, तो नळी जराशी, अगदी नखभर घसरू देतो. तेवढ्यात मारतो माणूस.

ख्यालवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला तू आता बायस्ड झालायस. असेन.

पुढचं भराभर सांगतो. १९७० मधे जे.जे. लॉस एंजेलिसला गेला, सिनेमा आणि टीव्हीचं संगीत करायला, 'अक्रॉस वन टेन्थ स्ट्रीट'चं पार्श्वसंगीत त्याचं. जवळजवळ सगळं दशक वाद्य बाजूला. मग परत आला, परत वाजवायला लागला, १९८७ मधे गावी इंडियानापोलिसला राहायला गेला. बायको व्हिव्हियन आजारी पडली तेव्हा कामं बाजूला ठेवली, ती १९९१ मधे गेली, आणि त्याने तिच्याच नावाचा अल्बम केला, सगळी संथ गाणी. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे स्टेजवरून निवृत्त झाला. मग कॅन्सर. ४ फेब्रुवारी २००१ ला, सत्त्याहत्तर वर्षांचा असताना, घरीच, स्वतःच्या हाताने त्याने आयुष्य संपवलं. या वाक्याच्या पुढे काय लिहायचं ते मला सुचत नाही म्हणून लिहीत नाही.

आता टर्रे. स्टीव्ह टर्रे म्हणजे जे.जे.च्या बरोबर उलटा माणूस वाटावा असा. जे.जे. सूट-टाय, याची लांब वेणी. जे.जे.चा सूर इस्त्री केलेला, आणि टर्रे प्लंजरचा राजा. प्लंजर म्हणजे तुंबलेलं मोकळं करायला आपण वापरतो तो रबरी कप, खरंच तोच, दांडा काढून टाकायचा आणि वाद्याच्या तोंडावर उघडझाप करायची, की वाद्य बोलायला लागतं, रडतं, भांडतं, शिव्या देतं. जे.जे.ने जे सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं ते टर्रेने काढून बाहेर मांडलंय. आणि एवढ्यावर थांबत नाही, हा माणूस शंख वाजवतो. शंख हो! समुद्रातला. टोक कापायचं, ओठ लावायचे, फुंकायचं, आणि शंखाच्या तोंडात हात घालून सूर चढवायचा-उतरवायचा. सॅक्सोफोनवाल्या रहसान रोलंड कर्ककडे शंख बघून याला नाद लागला आणि १९९३ मधे त्याने 'सँक्टिफाइड शेल्स' नावाचा शंखांचाच अल्बम केला. आमच्याकडे देवघरात जो शंख आहे तो आजोबा फुंकायचे, त्यानंतर कोणाला तो नीट वाजला नाही, मला ट्रॉम्बोन शिकल्यावर पहिल्याच फुंकरीत वाजला. ओठांचं काम एकच असतं ना. आई जोरात हसली आणि मग पदराने डोळे पुसत आत गेली.

तर असा हा टर्रे जे.जे.ला मान द्यायला बसतो. मला भीती होती की सगळे जे.जे.सारखं वाजवायचा प्रयत्न करणार, जसं आपल्याकडे पुण्यतिथीच्या कार्यक्रमात शिष्य गुरूची खोकायची लकबसुद्धा उचलतात. पण ऐकताना जाणवत राहतं की हे लोक त्याची नक्कल करायच्या भानगडीत नाहीयेत. प्रत्येकाचा आवाज वेगळा, डोळे मिटून ऐकलं तरी तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना ओळखू येतो, युबँक्स कोनाकोनातून चालतो, डेव्हिसचा सूर उबदार. आणि तरी प्रत्येकाच्या हाताखाली एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे यातल्या कोणालाच वेगाची भीती नाही. १९४५ मधे ट्रॉम्बोनवाल्याला जी भीती होती ती या पिढीला वारशात मिळालीच नाही. ती एका माणसाने परस्पर भोगून संपवली होती. म्हणून मग यांना घसरायची चैन परत परवडते, गुरगुरायची परवडते. हे ऐकून मला पंपवाला आठवला, त्याची ती वरातीतली मनसोक्त घसरगुंडी. त्याला जे.जे. माहीत असायचं काही कारण नव्हतं.

सगळंच ग्रेट आहे असंही नाही. काही ठिकाणी रेकॉर्डिंग मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतं, आणि एक-दोन सोलो लांबलेत. पण सगळे ट्रॉम्बोन मिळून जेव्हा हळूच एकत्र सूर धरतात तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवतो.

काल रात्री तिसऱ्या दिवशी वाद्य काढलं. खिडक्या लावल्या, पायपुसणं सरकवलं. भैरवाचे सूर शोधत होतो, काळी पाचच्या सा वरून कोमल रिषभाला गेलो, तर नळी नेहमीप्रमाणे पोचा असलेल्या जागी, चौथ्या पोझिशनला अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. वैतागून तसाच फुंकत राहिलो आणि ओठ जरा आवळले, तर गंधार वाजला. हात जिथल्या तिथे. परत केलं. रे, ग. रे, ग. मधे काहीही नाही, घसरणं नाही, हातसुद्धा हलत नाहीये, दोन स्वच्छ सूर शेजारी-शेजारी. भैरवातला आंदोलित रिषभ या वाद्यावर किती सुंदर झुलवता येईल म्हणून मी दीड वर्ष त्याच्या मागे आहे, आणि नळीने मला नेमकं ते करू दिलं नाही.

अर्धा तास तेवढंच वाजवत होतो. सकाळी जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, 'काल काय वाजवत होतास रे? दोनच सूर होते, पण बरं वाटत होतं.'

नळीतला पोचा काढून देणारा एक माणूस मिरजेत आहे असं कळलंय. अजून फोन केलेला नाही.